एजिटेटरवर व्हायब्रेशन सेन्सर पक्का कसा बसवायचा? कोकणातल्या कारखान्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, रत्नागिरीचं मिरजोळे, कुडाळ. या वसाहतींत मेंटेनन्सची माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून त्याच तक्रारीवर येतं. रिअॅक्टरच्या एजिटेटरवर, म्हणजे आतला माल ढवळणाऱ्या यंत्रावर, कंपन मोजणारे सेन्सर लावले, उन्हाळाभर आलेख छान दिसला, मृग लागला आणि आकडे भरकटले. सेन्सर बदलला, तरी तेच. अशा वेळी सेन्सर उघडून बघण्याआधी तो ज्या जागेवर बसलाय ती जागा उघडून बघावी. खालचे प्रश्न त्या जागेबद्दलचे आहेत.

सेन्सर चांगल्यातला घेतलाय. मग तो कसा बसवला याने एवढा काय फरक पडतो?

सेन्सरला मशीनचं कंपन कळत नाही, त्याला फक्त स्वतःच्या तळाची हालचाल कळते. तळ आणि मशीन यांच्यामध्ये जे काही असेल, म्हणजे रंगाचा थर, गंज, जाड गोंद, डुगडुगणारं चुंबक, ते स्प्रिंगसारखं काम करतं. सेन्सरचं वजन आणि ही स्प्रिंग मिळून त्या जोडाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता तयार होते. तिच्या जवळपासची कंपनं फुगून दिसतात आणि तिच्यावरची गळून जातात. जोड जितका ताठ, तितकी ती वारंवारता वर सरकते आणि तितका मोठा पट्टा खरा दिसतो.

ढोबळ अंदाज असा: स्टडने, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या छोट्या खिळीने, नीट आवळलेला सेन्सर १० किलोहर्ट्झपर्यंत भरवशाचा. पातळ, कडक गोंदावर बसवलेला त्याच्या थोडा खाली. सपाट जागेवरचं चांगलं चुंबक २ ते ५ किलोहर्ट्झ. गोल अंगावर दोन पायांनी बसणारं चुंबक २ किलोहर्ट्झच्या आसपास. आणि हातात धरून टेकवलेला प्रोब जेमतेम ५०० ते १००० हर्ट्झ. आयएसओ ५३४८ हे मानक याच विषयाला वाहिलेलं आहे. खरेदीच्या फाइलमध्ये सेन्सरची पानंच्या पानं असतात आणि बसवण्याबद्दल एक ओळ, हे प्रमाण उलटं व्हायला हवं असं माझं मत आहे.

एजिटेटर तर ७०-७५ आरपीएमने फिरतो. एवढ्या संथ यंत्रात मोजण्यासारखं आहे काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. उदाहरणाने सांगतो. मोटर १४४० आरपीएम, म्हणजे २४ हर्ट्झ. गिअरबॉक्स १:२०, म्हणजे शाफ्ट ७२ आरपीएम, १.२ हर्ट्झ. इम्पेलरला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या ढवळणाऱ्या चाकाला, तीन पाती असतील तर पात्यांची वारंवारता ३.६ हर्ट्झ. गिअरबॉक्सच्या पहिल्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) १९ दात धरले तर दातांची वारंवारता ४५६ हर्ट्झ, तिची तिसरी पट १३६८ हर्ट्झ. बेअरिंग खराब व्हायला लागतं तेव्हाच्या पहिल्या खुणा त्याहूनही वर, काही किलोहर्ट्झमध्ये दिसतात.

वरच्या टोकाचं सगळं काम माउंटिंगवर अवलंबून आहे. खालच्या टोकाला माउंटिंगपेक्षा सेन्सरची निवड महत्त्वाची. १.२ हर्ट्झला शाफ्टचा वरचा भाग अर्धा मिलिमीटर हलला, तरी त्वरण होतं फक्त ०.००२९ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). नेहमीचा १०० मिलिव्होल्ट प्रति जी सेन्सर त्याचे ०.३ मिलिव्होल्टसुद्धा देत नाही, ते गोंगाटात बुडतं. ५०० मिलिव्होल्टचा सेन्सर दीड मिलिव्होल्टच्या जवळ देतो. म्हणून गिअरबॉक्सच्या आउटपुट बेअरिंगवर, म्हणजे संथ शाफ्टच्या बाजूला, ५०० चा सेन्सर लावावा. मोटर आणि इनपुट बाजूला १०० चा पुरे.

नक्की कुठे बसवायचा?

जिथे बेअरिंगचा भार घराच्या भिंतीत उतरतो तिथे. बेअरिंग आणि सेन्सर यांच्यात सलग धातू असला पाहिजे, मध्ये गॅस्केट, पत्रा किंवा सांधा नको. नेहमीच्या उभ्या एजिटेटरवर महत्त्वाच्या जागा वरून खाली अशा: मोटरचं वरचं बेअरिंग, मोटरचं खालचं बेअरिंग, गिअरबॉक्सचं इनपुट, गिअरबॉक्सचं आउटपुट आणि लॅन्टर्नमध्ये, म्हणजे ड्राइव्हला व्हेसलवर उचलून धरणाऱ्या खिडक्यांच्या सांगाड्यात, वेगळं बेअरिंग असेल तर त्याचं घर. पैसे कमी असतील आणि दोनच सेन्सर परवडत असतील, तर मी मोटरचं खालचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं आउटपुट धरेन. आउटपुट बेअरिंग सगळ्यात जास्त सोसतं, कारण लांब लोंबत्या शाफ्टचा वाकवणारा भार त्याच्यावर येतो.

काही ठिकाणी सेन्सर चालणारच नाही. मोटरच्या पंख्याची जाळी आणि टोपी, कपलिंग गार्ड, गिअरबॉक्सचं पत्र्याचं झाकण, मोटरचे थंडाव्याचे फिन, टर्मिनल बॉक्स. ही सगळी स्वतःच्या तालावर थरथरतात. फिनच्या मध्ये जागा नसेल तर खास फिनच्या फटीत बसणारा ठोकळा मिळतो, तो कडक इपॉक्सीने भरून बसवायचा.

व्हेसलच्या तळाशी शाफ्टचं खालचं टोक सावरणारं स्टेडी बेअरिंग असतं, ते बाहेरून पोचत नाही. त्याची खबर वरच्या सेन्सरला उशिरा आणि पुसट मिळते. तळाच्या नोझलवर सेन्सर लावून काही कळेल अशी अपेक्षा करू नका. नोझलमधून वाहणाऱ्या द्रवाचा आवाजच जास्त येईल.

उभ्या मशीनला आडवी-उभी दिशा कशी ठरवायची?

आडव्या पंपाचं गणित इथे चालत नाही. लॅन्टर्नला दोन मोठ्या खिडक्या असतात. खिडकीच्या दिशेने ती मऊ असते, खांबांच्या दिशेने ताठ. एक सेन्सर मऊ दिशेने, दुसरा त्याला काटकोनात. तिसरा परवडला तर शाफ्टच्या रेषेत. पॅडजवळ रंगाने बाण आणि क्रमांक काढून ठेवा, नाहीतर पुढच्या शटडाऊनमध्ये दोघांची अदलाबदल ठरलेली.

स्टड, गोंद की चुंबक?

कायमच्या सेन्सरला स्टड. भोक पाडता येत नसेल तर गोंदावर बसणारा धातूचा पॅड आणि त्या पॅडमध्ये स्टड. फिरत्या मोजणीसाठी चुंबक, तेही ठरलेल्या आणि साफ केलेल्या जागेवर.

चुंबकावर कायमचा सेन्सर सोडलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. "तात्पुरता आहे" असं सांगतात आणि दोन पावसाळे जातात. समुद्राच्या हवेत चुंबकाच्या खाली गंजाची पूड जमते, चुंबक तिच्यावर तरंगतं आणि हळूहळू घसरत खाली येतं. चालू मोटरच्या कपलिंगवर पडलेला सेन्सर फक्त सेन्सरचं नुकसान करत नाही.

स्टडसाठी भोक पाडताना काय काय सांभाळायचं?

इथे घाई करणारा फिटर आणि न करणारा फिटर यांच्यातला फरक पुढची पाच वर्षं आलेखात दिसतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी ड्रॉइंग बघा. भिंत किती जाड आहे, आत तेल कुठपर्यंत आहे, बेअरिंगचं घर कुठे संपतं. आरपार भोक गेलं की तेल गळतं, आणि किस आत पडला तर गिअर आणि बेअरिंग दोन्ही खातो. भिंत पुरेशी जाड नसेल किंवा ड्रॉइंगच मिळत नसेल तर ड्रिल खाली ठेवा आणि गोंदाच्या पॅडकडे वळा. वॉरंटीतल्या गिअरबॉक्सला भोक पाडण्याआधी बनवणाऱ्याचं लेखी मत घ्या.

मग आटे तपासा. बाजारात एम ६ आणि पाव इंच २८ आट्यांचे असे दोन्ही सेन्सर मिळतात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. एम ६ चा स्टड पाव इंचाच्या भोकात सैल जातो, दोन आटे पकडल्यासारखा वाटतो आणि मग निसटतो. एम ६ साठी ड्रिल ५ मिलिमीटरचं, पाव इंच २८ साठी साधारण ५.५ चं. एकदाच ठरवा आणि सगळ्या प्लांटमध्ये एकच आटा ठेवा.

जागा सपाट करायला पायलट असलेला स्पॉट फेसिंग कटर वापरा. त्याने पृष्ठभाग आणि भोक एकाच बैठकीत होतं, त्यामुळे काटकोन आपोआप मिळतो. हँड ग्राइंडरने घासलेली जागा डोळ्याला गुळगुळीत दिसते, पण मध्ये फुगीर असते आणि सेन्सर त्या फुगवट्यावर डुलतो. सपाटपणा ०.०२५ मिलिमीटरच्या आत, भोकाचा तिरकेपणा एक अंशाच्या आत, आणि सपाट केलेला गोल सेन्सरच्या तळापेक्षा किंचित मोठा. तळ २५ मिलिमीटरचा असेल तर २८ ते ३० पुरेत.

भोकाची खोली स्टडच्या आत जाणाऱ्या लांबीपेक्षा थोडी जास्त हवी. स्टड भोकाच्या बुडाला टेकला तर सेन्सर आवळल्यासारखा वाटतो आणि त्याचा तळ मात्र केसभर वर राहतो. ही चूक डोळ्याला दिसत नाही. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान तळाखाली सरकतंय का ते बघा.

अॅल्युमिनियमच्या छोट्या वर्म गिअरबॉक्समध्ये आटे लवकर मरतात. तिथे हेलिकॉइल इन्सर्ट (पोलादी तारेचे तयार आटे) घालून मगच स्टड लावा.

किती घट्ट आवळायचा? आमचा फिटर म्हणतो, हाताला कळतं.

त्याच्या हाताला एम १६ चा बोल्ट कळतो, यात शंका नाही. सेन्सरच्या स्टडला बहुतेक डेटाशीटमध्ये ३ ते ७ न्यूटन-मीटरच्या दरम्यानचा टॉर्क दिलेला असतो. नेमका आकडा तुमच्या सेन्सरच्या कागदावरून घ्या. एवढ्या कमी टॉर्कला लांब दांड्याचा पाना म्हणजे आटे तोडण्याचं हत्यार. छोटा टॉर्क रेंच स्टोअरमध्ये असू द्या. आवळताना पाना सेन्सरच्या षटकोनी तळालाच लावायचा, वरच्या डब्याला किंवा कनेक्टरला कधीच नाही.

तळाला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरतात आणि वरच्या वारंवारता नीट पोचतात. ग्रीस बाजूने ओघळलं तर ते जास्त झालं. आटे सुटू नयेत म्हणून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर चालेल, पण ते स्टडच्या मशीनकडच्या बाजूलाच. सेन्सरकडच्या बाजूला लावलं तर सेन्सर काढताना स्टडही निघून येतो. कायमस्वरूपी पकडणारं लाल थ्रेडलॉकर या कामाला नको.

ग्लास लाइन्ड रिअॅक्टरवर (जीएलआर, आतून काचेचा थर असलेला) पॅड वेल्ड केला तर चालेल का?

नाही. भोक नाही, वेल्डिंग नाही, टॅकसुद्धा नाही. आतली काच साधारण ८०० अंशांच्या आसपास भाजून पोलादावर चढवलेली असते. बाहेरून एका जागी उष्णता लागली की आत तडा जातो, तो बाहेरून दिसत नाही आणि पहिल्याच आम्लाच्या बॅचला पोलाद खायला सुरुवात होते. एका पॅडच्या सोयीसाठी संपूर्ण व्हेसल परत भाजायला पाठवायची वेळ येते. जीएलआरच्या अंगावर हातोडीने ठोकून बघणंही टाळा.

तसंही व्हेसलच्या भिंतीवर सेन्सर लावून फारसं काही कळत नाही. मोटर, गिअरबॉक्स आणि लॅन्टर्नवरच्या बेअरिंगचं घर या जागा काचेपासून सुट्या आहेत, तिथे बसवा. भोक पाडायचंच असेल तर ड्राइव्ह उतरवून वर्कशॉपमध्ये नेल्यावर पाडा.

आमची सगळी भांडी एसएसची. चुंबक धरतच नाही.

३०४ आणि ३१६ हे ऑस्टेनिटिक पोलाद, ते चुंबकाला ओढत नाही. फिरत्या मोजणीसाठी त्या जागी चुंबक धरणाऱ्या स्टीलची चकती गोंदाने बसवतात. मोकळ्या हवेत साधी माइल्ड स्टीलची चकती एका पावसात तांबूस होते, म्हणून ४३० ग्रेडची घ्या. तीही डागाळते, पण टिकते. मोजणी झाली की चकतीवर प्लास्टिकची टोपी बसवायची सवय लावा.

गोंदाने बसवलेले पॅड पावसाळ्यात सुटतात. गोंद बदलावा का?

गोंद बहुधा बरा असतो, ज्या दिवशी तो लावला तो दिवस बरा नसतो. जुलैत इथल्या हवेत एवढा दमटपणा असतो की थंड कास्टिंगवर न दिसणारा पाण्याचा पडदा बसतो. त्यावर लावलेला गोंद धातूला नाही, पाण्याला चिकटतो. म्हणून ही कामं आगोटीच्या आधी, एप्रिल-मे मध्ये उरका. पावसाळ्यातच करायची वेळ आली तर मशीन थांबवल्यावर अंग अजून कोमट असताना करा, म्हणजे त्यावर दव धरत नाही.

क्रम असा. रंग आणि प्रायमर पूर्ण काढून चकचकीत धातू उघडा करा. खरबरीत पॉलिश पेपरने आडवे-उभे घासा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर वेळी नवं कापड घेऊन, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. नंतर बोट लावू नका. दोन भागांचा कडक अॅक्रिलिक किंवा धातूची पूड मिसळलेला इपॉक्सी वापरा, थर शक्य तितका पातळ. जाड थर रबरासारखा वागतो. सिलिकॉन सीलंट, रबरी गोंद, दुहेरी टेप यांची इथे जागा नाही. डेटाशीटमध्ये सुकायला दिलेला वेळ सहसा २५ अंशांचा असतो, तो पाळा आणि त्या वेळात मशीन चालवू नका. सुकल्यावर पॅडच्या कडेने रंगाचा हात फिरवून फट बंद करा.

गरम तेलाच्या जॅकेटजवळ पॅड असेल तर गोंदाची तापमानाची मर्यादाही बघा. बरेच अॅक्रिलिक गोंद १२० अंशांच्या आसपास ढिले पडतात, आणि नेहमीच्या सेन्सरची मर्यादाही साधारण तेवढीच असते.

खाऱ्या हवेसाठी वेगळं काय करायचं?

सेन्सरचं कवच आणि स्टड ३१६एल चे घ्या. मॉलिब्डेनममुळे ते क्लोराइडपुढे ३०४ पेक्षा बरंच जास्त टिकतं. पण खरा धोका तळाखालच्या फटीत असतो. खारट ओल तिथे शिरते, हवा पोचत नाही आणि गंज आतल्या आत वाढतो. वर सांगितलेला ग्रीसचा हात आणि कडेचा रंग हे दोन्ही त्या फटीसाठीच आहेत.

अॅल्युमिनियमच्या घरावर एसएसचा सेन्सर आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट आणि तळाच्या भोवती सीलंटची बाहेरची कड, एवढं तरी करा. तळाच्या खाली मात्र सीलंट जाऊ देऊ नका.

कनेक्टर हा सगळ्यात कच्चा दुवा. आयपी ६७ लिहिलेला कनेक्टरसुद्धा पूर्ण फिरवून बसवला तरच आयपी ६७ असतो. पिनांना डायलेक्ट्रिक ग्रीस आणि वरून रबरी बूट. पितळी निकेल प्लेटिंगचे स्वस्त एम १२ कनेक्टर किनाऱ्याजवळ हिरवे पडतात.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: उघड्यावरच्या तापलेल्या सेन्सरवर पावसाची सर आली की तो अचानक थंड होतो आणि सेन्सरमधला पिझो स्फटिक त्या तापमानबदलालाच सिग्नल समजतो. आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला, एक-दोन हर्ट्झच्या जागी, मोठा उतार दिसू लागतो. एजिटेटरचा वेगही नेमका तिथेच असतो, त्यामुळे लोक शाफ्ट वाकल्याच्या शंकेने व्हेसल रिकामी करायला निघतात. सेन्सरवर वारा-पाणी अडवणारी साधी टोपी लावा. ती सेन्सरला न टेकता, बाजूच्या आधारावर उभी असली पाहिजे.

केबल कशी न्यायची?

सेन्सरपासून १०-१५ सेंटिमीटरच्या आत पहिला क्लॅम्प, मशीनच्या त्याच भागावर. लोंबकळणारी केबल फटके मारते आणि ते फटके आलेखात येतात. क्लॅम्पपर्यंत थोडा सैल वळसा ठेवा, ताणून बांधू नका. पुढे केबल खाली झोळ देऊन मग वर जंक्शन बॉक्समध्ये न्या, म्हणजे पागोळीचं पाणी झोळातून टपकतं आणि ग्लँडपर्यंत, म्हणजे केबल आत शिरते त्या तोंडापर्यंत, चालत जात नाही. जंक्शन बॉक्सला ग्लँड खालच्या बाजूने. न वापरलेल्या भोकांना बूच. कापडाचा बोळा म्हणजे बूच नव्हे.

व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये सेन्सरची केबल टाकू नका. शील्ड एकाच टोकाला, बहुधा पॅनलकडे, अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी आलेखात ठाण मांडून बसतात. सॉल्व्हंट सांडण्याची शक्यता असेल तर एफईपी आवरणाची केबल घ्या. पीव्हीसी ताठरते आणि फुटते.

मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजा लक्षात घेऊन लांब केबलच्या पॅनलकडच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर बसवा.

टोल्युइन-मिथेनॉल चालणाऱ्या ब्लॉकमध्ये कोणता सेन्सर चालतो?

आधी तुमच्या प्लांटचं एरिया क्लासिफिकेशन ड्रॉइंग काढा. आयएस ५५७२ प्रमाणे तो भाग झोन १ (पेटणारी वाफ नेहमीच्या कामातही येऊ शकते) आहे की २ (क्वचितच येते), हे त्यावर असतं. त्या झोनला, वायू गटाला आणि तापमान वर्गाला प्रमाणित असलेलाच सेन्सर घ्या. टी ४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जात नाही. प्रमाणपत्राचा विषय आला की नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता आणि आयएस/आयईसी ६००७९ मालिका या दोन्ही बाबी तुमच्या सेफ्टी ऑफिसरबरोबर बसून तपासा.

इन्ट्रिन्सिकली सेफ, म्हणजे ठिणगी पडली तरी वाफ पेटणार नाही इतक्या कमी ऊर्जेवर चालणारा, सेन्सर एकटा सुरक्षित नसतो. सुरक्षित भागात बॅरियर किंवा आयसोलेटर, मध्ये केबलची लांबी आणि तिचं कॅपॅसिटन्स, असं सगळं मिळून ते सर्किट सुरक्षित ठरतं. बॅरियरशिवाय जोडलेला महागडा सेन्सर म्हणजे फक्त महागडा सेन्सर.

बसवण्याचं काम तर त्याहून जपून. ड्रिल, ग्राइंडर, हॉट एअर गन हे सगळं हॉट वर्क परमिटखाली येतं. व्हेसल रिकामी, धुतलेली, नायट्रोजन काढून हवेशीर केलेली, गॅस टेस्ट झालेली आणि मोटरचा आयसोलेटर कुलूपबंद, यातलं एकही राहिलं असेल तर काम थांबवा. साफसफाईचं अल्कोहोल स्वतःच पेट घेणारं असतं, तेही विसरू नका.

वायरलेस सेन्सर लावले की हे सगळे प्रश्न मिटतील?

केबलचे मिटतात. माउंटिंगचे वाढतात, कारण बॅटरीमुळे वायरलेस सेन्सर जड आणि उंच असतो. उंच सेन्सर डुलतो, म्हणून त्याला स्टड आणखी आवश्यक. झोनमध्ये बॅटरी बदलायची परवानगी आहे का, हे प्रमाणपत्रात वाचा. प्लास्टिकचं कवच कोरड्या फडक्याने घासू नका, स्थिर विद्युत साठते. ओल्या फडक्याने पुसा.

लॅन्टर्नच्या आत लपवलेला वायरलेस सेन्सर धातूच्या पिंजऱ्यात सापडतो आणि रेडिओ बाहेर पोचत नाही. ही उपकरणं ठरावीक वेळाने जागी होऊन मोजतात. तुमची बॅच चार तासांची आणि त्यात घट्ट होण्याचा टप्पा दहा मिनिटांचा असेल, तर तो टप्पा रोज हुकू शकतो. मोजणी मोटरच्या करंटवर किंवा बॅचच्या टप्प्यावर चालू करता आली तर उत्तम.

आमच्याकडे आमरसाचं कॅनिंग आहे. केमिकलवाल्यांचे नियम आम्हाला लागू आहेत का?

माउंटिंगचे तेच. फरक दोन. पहिला, उघड्या किटलीवर सेन्सर असेल तर तो सुटून रसात पडता कामा नये. स्टड असला तरी सेन्सरला स्टीलच्या तारेची लॅनयार्ड बांधा आणि तिचं दुसरं टोक मशीनच्या अंगाला. रसाच्या थेट वर कोणताही जोड, क्लॅम्प किंवा केबल टाय येणार नाही अशी जागा निवडा. ग्रीस फूड ग्रेडचं.

दुसरा, धुलाई. गरम पाणी आणि कॉस्टिकचा फवारा रोज बसतो. कनेक्टर काढता येणाऱ्या सेन्सरपेक्षा केबल आतच ओतून बंद केलेला सेन्सर इथे जास्त टिकतो. तळाच्या भोवती रस साचेल अशी फट ठेवू नका, दोन दिवसांत तिथे वास आणि बुरशी. हंगाम एप्रिल ते जूनचा, म्हणजे सेन्सर बसवायची खरी वेळ जानेवारी-फेब्रुवारी. हापूसच्या पेट्या दारात लागल्यावर मशीन थांबवायला कुणीही तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बसवून झाल्यावर तो नीट बसलाय हे कसं ओळखायचं?

पॅनलवर बायस व्होल्टेज, म्हणजे सेन्सरच्या तारांवरचं कायमचं डीसी व्होल्टेज, बघा. नेहमीच्या दोन तारांच्या सेन्सरला ते साधारण १० ते १४ व्होल्टच्या आसपास स्थिर असतं. शून्याकडे गेलं तर शॉर्ट, पुरवठ्याच्या व्होल्टेजइतकं दिसलं तर केबल तुटलेली. मधेच नाचत असेल तर कनेक्टरमध्ये पाणी.

मग मशीन बंद असताना सेन्सरजवळ, सेन्सरवर नव्हे, स्क्रू ड्रायव्हरच्या रबरी मुठीने हलका ठोका द्या. स्वच्छ, लवकर विझणारा ठोका दिसायला हवा. लांबत जाणारी थरथर दिसली तर तळ सैल आहे किंवा जागा पत्र्याची आहे. मशीन चालू असताना स्टडच्या सेन्सरचा आलेख काही किलोहर्ट्झपर्यंत जिवंत दिसतो. एका ठरावीक वारंवारतेवर रुंद डोंगर उभा राहिला आणि तो मोटरचा वेग बदलला तरी जागचा हलत नसेल, तर तो माउंटिंगचा किंवा स्ट्रक्चरचा रेझोनन्स (स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेवरचं फुगलेलं कंपन) असण्याची शक्यता जास्त.

आकडा बॅचप्रमाणे वर-खाली होतो. सेन्सर सैल झालाय का?

बहुधा नाही. भांडं भरताना आणि रिकामं करताना द्रवाची पातळी इम्पेलरच्या आसपास आली की पाती अर्धी द्रवात, अर्धी हवेत फिरतात. शाफ्टला बाजूने जबर धक्के बसतात. स्फटिक तयार होताना, घट्टपणा वाढताना, पावडर चार्ज होतानाही आकडा वाढतो. सैल सेन्सरची खूण वेगळी: सगळ्या टप्प्यांत वरच्या वारंवारतांची उंची हळूहळू कमी होत जाते, किंवा एकदम अधूनमधून उड्या मारते.

तुलना नेहमी एकाच टप्प्यातल्या आकड्यांची करा. उदाहरणार्थ, चार्ज पूर्ण, जॅकेट चालू, पातळी ठरलेली. नाहीतर उत्पादनाचं वेळापत्रकच तुम्हाला मशीनचा बिघाड म्हणून दिसत राहील.

अलार्म किती मिलिमीटर प्रति सेकंदावर लावायचा?

आयएसओ २०८१६-३ च्या मर्यादा १५ किलोवॅटहून जास्त शक्तीच्या आणि १२० आरपीएमपासून वरच्या यंत्रांसाठी आहेत. ७२ आरपीएमचा शाफ्ट त्यात येतच नाही. मोटरला त्या तक्त्याचा आधार घ्या. एजिटेटरच्या बाजूला मशीन चांगल्या स्थितीत असताना महिनाभराचे, टप्प्यानुसार आकडे साठवा आणि त्यांच्यावर अलार्म बेता.

गणपतीच्या सुट्टीत मोटर रिवाइंडिंगला जाणार आहे. सेन्सरचं काय करायचं?

काढा, आणि तुमच्याच माणसाकडून काढून घ्या. सेन्सरसकट गेलेली मोटर बाहेरच्या वर्कशॉपमधून क्वचितच सेन्सरसकट परत येते, आणि आली तरी तो क्रेनच्या पट्ट्याखाली चेपलेला असतो. केबलचं टोक टोपीने बंद करा. स्टडच्या भोकाला ग्रीस लावलेला प्लास्टिक बूच घाला. वर्कशॉपला लेखी कळवा की सपाट केलेल्या गोलांवर रंग मारायचा नाही, त्यावर मास्किंग टेप लावून द्या. परत आल्यावर टेप काढा, जागा पुसा, ग्रीस, टॉर्क, बायस व्होल्टेज आणि रबरी मुठीचा ठोका, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. रिवाइंडिंगनंतर बेअरिंग नवं असतं, म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना बंद करून नव्याने साठवायला सुरुवात करा.